टबाच्या सात बाजू

माणूस निवृत्त झाला की टेबल, खुर्ची, कपाटाच्या चाव्या, स्टेपलर, सगळं सही करून परत द्यावं लागतं. किस्से परत मागायला मात्र कोणी येत नाही. मी तर दोनदा निवृत्त झालो, आधी सरकारी रेकॉर्ड रूममधून आणि मग अलिबागच्या नाईक मॅडमच्या ऑफिसातून. त्यामुळे माझ्याकडे साठा दुप्पट आहे. जुन्या फाइली ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम असतो. किश्श्यांना तो लागू नाही. उलट दर वर्षी त्यांना नवी पानं फुटतात.

मॅडम वकील. बरीच वर्षं मुंबईत काढून अलिबागला परत आलेल्या. मेडिकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस. काम डिझाइन रजिस्ट्रेशनचं, म्हणजे एखादी वस्तू दिसते कशी, त्या दिसण्याच्या मालकीचं. तुम्ही नव्या घाटाची बाटली केलीत आणि त्या घाटाची नोंद केलीत, तर काही वर्षं तशी बाटली दुसऱ्याने करायची नाही. बाटलीत दूध भरता की रॉकेल, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

हे लोकांना पटवणं हेच निम्मं काम होतं.

*

वरसोलीचे एक गृहस्थ नारळ खवायचं यंत्र घेऊन आले. मोटार, पट्टा, लाकडी फळी आणि एक सायकलचं चाक. टेबलावर ठेवून त्यांनी ते सुरू केलं. खोबरं माझ्या चष्म्यापर्यंत आलं.

मॅडम म्हणाल्या, "चालतं कसं ते नको. दिसतं कसं, ते सांगा. इथे फक्त दिसण्याची नोंद होते."

गृहस्थांनी यंत्राकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

"दिसायला भयंकर आहे," ते म्हणाले. "मग तीच नोंद करा. म्हणजे पुन्हा कोणी असलं करणार नाही."

*

दुसरा नियम असा की डिझाइन नवं हवं. अर्ज करण्याआधी ते लोकांसमोर आलेलं नको. एकदा आलं की संपलं, मग खुद्द ब्रह्मदेवाने केलेलं असलं तरी नोंद टिकत नाही.

चौलच्या एका साबणवाल्याने नवाच साबण काढला होता, पाकळ्या पाकळ्यांचा, वर बारीक शेंडी. मॅडमनी विचारलं, "कोणाला दाखवलात?"

"कोणालाच नाही. फक्त गणपतीत ताटात ठेवले होते, आरास म्हणून."

"पाहुणे किती आले होते?"

"पाहुण्यांचं सोडा मॅडम, आमच्या मामांनी मोदक समजून एक खाल्ला. तो धरायचा का?"

त्या दिवशी मॅडमनी मला सांगितलं, "भाऊ, आपल्या चौकशीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा. घरगुती समारंभात वस्तू दाखवली का?"

फॉर्मवर तीन रकाने होते. वस्तू विकली का, प्रदर्शनात ठेवली का, फोनवर फोटो टाकला का. मी हो म्हणालो. पण छापलेले दोनशे फॉर्म कपाटात शिल्लक होते आणि शिल्लक फॉर्म रद्दीत घालणं माझ्या रक्तात नाही. ते संपले की पुढच्या छपाईत चौथा रकाना घालू, असं मी ठरवलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. मला ठेवावीच लागली.

*

इक्बालभाई आगरदांड्याहून एसटीने आले तेव्हा त्यांच्या बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. कंडक्टरने आत काय आहे ते विचारलं आणि यांनी "सांगता येत न्हाय" म्हटल्यामुळे मुरूडपर्यंत सगळी गाडी त्या चादरीकडे बघत आली होती.

हा माणूस बारा वर्षं आखातात एका बोटींच्या कारखान्यात फायबरचं काम करून परतलेला. जेटीजवळ पत्र्याची शेड, चार कारागीर. चादर सोडली तर आत मासे विकणाऱ्या बायकांचा टब. फायबरचा, मोरपिशी रंगाचा, उघड्या शिंपल्याच्या घाटाचा. मागच्या टोकापासून काठापर्यंत पंख्यासारख्या उठावाच्या रेघा, काठ लाटेसारखा, बाजूंना दोन कान. मी आयुष्यभर मासळी बाजारात काळे, फुटके, तारेने शिवलेले टब पाहिलेत. हा पाहिला आणि हात लावावासा वाटला.

नोंदीसाठी नवीन काय ते दोन ओळींत लिहावं लागतं. मॅडमनी विचारलं, "या रेघा कशासाठी?"

"पानी निथळाला."

इथे अडचण होती. एखादी गोष्ट केवळ उपयोगासाठीच तशी केलेली असेल, तर ती डिझाइनमध्ये बसत नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्यातलं पाणी टबात ओतलं. पाणी कुठेच गेलं नाही. सरकारी पत्रासारखं होतं तिथे बसून राहिलं.

"मग मासली सरकू नये म्हनून," इक्बालभाई म्हणाले.

मॅडमनी पेपरवेट ठेवून टब किंचित कलता केला. पेपरवेट आरामात घसरत दुसऱ्या टोकाला गेलं.

"इक्बालभाई, खरं सांगा."

ते खाली बघायला लागले. कानशिलं लाल झाली. "चांगला दिसतो म्हनून केला. बाया डोक्यावर घेऊन जेटीवरून चालल्या की मागून शिंपला दिसतो. पन हा शेडमदी कोनाला बोललो न्हाय. कारागीर बोलतील, शेठ नक्षी काढाला लागला."

मॅडम म्हणाल्या, "कायद्याला नेमकं तेवढंच हवं आहे."

मी फॉर्म पुढे ओढला. विकला का? न्हाय. प्रदर्शनात ठेवला का? न्हाय. फोनवर टाकला का? न्हाय, मना तो येतच न्हाय. मी तीन ठिकाणी 'नाही'वर खूण केली. तीन खुणा एका ओळीत सुरेख आल्या.

बायकांनी विचारणा सुरू केली होती. हा टब चालला तर शेड चालणार, नाही तर इक्बालभाई पुन्हा आखातात जाणार, वयाच्या पन्नाशीत. हे त्यांनी उठता उठता सांगितलं, चादरीची गाठ मारताना.

*

अर्जाला फोटो लागतात. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका. सात बाजू, पांढरी पार्श्वभूमी. आमचा फोटोग्राफर लग्नाचा. तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या त्याच्या हातून गेलेल्या.

फोटो आले. टब चकचकीत, उजळ. रेघा मात्र गायब. गुळगुळीत.

"अरे, रेघा कुठे गेल्या?"

"काढल्या ना," तो म्हणाला. "सुरकुत्या मी सगळ्यांच्याच काढतो. नवरीच्या आईच्यासुद्धा."

पुन्हा काढले. या वेळी सहाच. खालून काढलेला नाही. "खालून कोणाचा फोटो काढतात का भाऊ? बरं दिसतं का ते?" त्याला समजावण्यात आणि तिसऱ्या खेपेत मिळून नऊ दिवस गेले.

मीही स्वस्थ नव्हतो. इक्बालभाईंनी वकीलपत्रावर केलेली सही चौकटीच्या रेषेला लागत होती. अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलला ती चालली असती. मला चालली नाही. मी कागद परत पाठवला. ते आगरदांड्याहून दुसरा पाठवेपर्यंत आठ दिवस.

दुसरी सही चौकटीच्या बरोबर मध्ये होती. मी ती मॅडमना कौतुकाने दाखवली.

*

दरम्यान मॅडमनी टब झाकून ठेवायला सांगितलं होतं. इक्बालभाईंनी आज्ञा इतकी पाळली की शेडमध्ये ताडपत्री, ताडपत्रीवर दोर आणि दोराला कुलूप. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कुलूपबंद ताडपत्री म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. हवालदार आले.

फोन माझ्याकडे आला. इक्बालभाई कुजबुजत होते. "भाऊ, हवालदार साहेब बोलतात खोला. मॅडम बोलल्या खोलू नको. मी काय करू?"

मॅडमनी फोन स्पीकरवर घेतला. "साहेब, जरूर बघा. फक्त फोटो काढू नका आणि कोणाला सांगू नका. तशी एक सही द्या."

पलीकडून मग हवालदारांचा आवाज आला, "सही? मी द्यायची?"

मजकूर मी फोनवर सांगितला, इक्बालभाईंनी लिहून घेतला. वरून विचारून येतो म्हणून हवालदार गेले, ते दुसऱ्या दिवशी उगवले, पुन्हा फोन लागला आणि त्यांनी सही केली. हे दोन दिवस अर्जही अडकून राहिला. आजवर या माणसाने किती जणांच्या सह्या घेतल्या असतील. त्याची घेणारे आम्ही पहिले. कुलूप उघडलं, दोर सुटला, ताडपत्री बाजूला झाली.

"टब?" हवालदार म्हणाले. एवढी निराशा मी फोनवर पुन्हा ऐकली नाही.

महिन्याने ते अलिबागला कोर्टात आले तेव्हा जिना चढून मुद्दाम माझ्याकडे आले. "भाऊ, माझी सही मोकळी करा. बायको रोज विचारते ताडपत्रीखाली काय होतं. सांगता येत नाही म्हटलं तर तिला वेगळंच वाटतंय."

*

पण तेव्हा आम्ही हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. अर्जावर उत्तर आलं होतं.

मॅडमनी ते संगणकावर उघडलं आणि मला हाक मारली. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर आमचा टब होता. तोच शिंपला, त्याच रेघा, तेच दोन कान. सात बाजू, स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर, खालून काढलेलासुद्धा. फक्त खाली मालकाचं नाव दुसरं होतं. पनवेलकडचा एक प्लास्टिकचा कारखानदार. बाटल्यांची झाकणं बनवणारा, म्हणून आम्ही त्याला झाकणवाला म्हणायला लागलो. त्याने आमच्याआधी अर्ज केला होता आणि त्याची नोंद झालीसुद्धा होती.

"किती आधी?" मी विचारलं.

"एकोणीस दिवस."

मी टेबलावर येऊन बसलो. फोटोग्राफर नऊ, हवालदार दोन, मी आठ. बेरीज दोनदा केली. सरकारी नोकरीतली सवय, दुसऱ्यांदा उत्तर बदलेल अशी आशा असते.

चार दिवसांनी झाकणवाल्याच्या वकिलाची नोटीस इक्बालभाईंना मिळाली. आमच्या अशिलांच्या नोंदणीकृत डिझाइनची नक्कल ताबडतोब थांबवावी आणि साचा नष्ट करावा.

इक्बालभाई नोटीस घेऊन आले तेव्हा ती त्यांनी त्याच चादरीत गुंडाळून आणली होती.

*

"तुमचा टब त्याने पाहिला कुठे?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कोनीच पाह्यला न्हाय. ताडपत्री होती. हवालदार साहेबांनी पाह्यला, ते तर बायकोला पन बोलत न्हाईत."

"शेडमध्ये हा एकच टब आहे?"

"एकच. म्हंजे पयला जनीबायकडं. हा दुसरा."

मॅडमचं पेन थांबलं. "जनीबाई कोण?"

"पलीकडं दिघीला ऱ्हातात. मासली इकतात. मी आखातात होतो तवा माज्या घरी रोज मासली पोचवाच्या. त्यांच्या पोरीचा लगीन होता, म्हनून पयला टब हल्दीला आहेर दिला. फेरीबोटीतनं नेला."

"हळद कधी होती?"

"तुमच्याकडं यायच्या महिनाभर आदी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"इक्बालभाई, आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना?"

ते दुखावले. "तुमी विचारला, इकला का. मी इकला न्हाय, दिला. आहेराचा कोनी विचारला?"

मॅडम माझ्याकडे वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फाइल उघडली. जुना फॉर्म, तीन रकाने, तीन सुरेख खुणा. कपाटात अजून एकशे एकोणनव्वद शिल्लक होते. त्या दुपारी मी ते सगळे फाडले. दोनशे फॉर्म वाचवायला निघालेल्या माणसाने एका माणसाची शेड पणाला लावली होती.

*

हळदीचा व्हिडिओ होता. आमच्या भागात हळदीचा व्हिडिओ नसेल तर लग्न झालं की नाही याचीच शंका घेतात. शूटिंगवाल्याने तो दुसऱ्याच दिवशी यूट्यूबवर चढवला होता आणि खाली तारीख होती. झाकणवाल्याच्या अर्जाच्या बरीच आधीची.

आम्ही तिघांनी तो ऑफिसात बसून पाहिला. नवरीच्या मावशीने आहेर माइकवर जाहीर केला, "इकबालदादाकरशी टप." टब मांडवातून फिरला. मग मावशीने तो डोक्यावर घेतला आणि नाचायला लागली. मावशीकडून आत्याकडे, आत्याकडून शेजारणीकडे. इक्बालभाई पडद्यावर एका कोपऱ्यात उभे होते, टबाकडे बघत. बारशाला आलेल्या आजोबांचा असतो ना, तसा चेहरा.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हा व्हिडिओ दाखवला तर झाकणवाल्याची नोंद पडते. डिझाइन त्याच्या आधी लोकांसमोर आलं होतं, एवढं पुरे. पण त्याच कारणाने तुमचीही कधी होणार नाही. तुमचा अर्ज मागे घ्यावा लागेल. मग हा टब कोणाचाच नाही. उद्या कोणीही करू शकेल."

"आनि न्हाय दाखवला तर?"

"तर तो त्याचा. तुम्ही साचा फोडायचा."

इक्बालभाईंनी पडद्यावरच्या मावशीकडे पाहिलं. टब तिच्या डोक्यावर तिरका थांबला होता.

"आनि दाखवला, आनि साहेब बोलले टप नीट दिसत न्हाय, तर?"

मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. "तर अर्जही गेलेला आणि साचाही."

मी अर्ज मागे घ्यायचा कागद टाइप केला. चार ओळींचा कागद, मला तीन वेळा करावा लागला. इक्बालभाईंनी पेन घेतलं.

"दुसऱ्यानी केला तर करू द्या. मना माजा करू देत न्हाईत, हा कसला न्याय," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. सही चौकटीच्या बाहेर गेली होती. मी कागद तसाच पाठवला.

*

आता सगळं त्या व्हिडिओवर होतं. समोरचा वकील म्हणणार, गर्दीत काहीतरी निळं नाचतंय, डिझाइन दिसतं कुठे? म्हणून मॅडमनी मला कामाला लावलं. व्हिडिओतून टबाच्या सातही बाजू शोधा, थांबवून चित्रं काढा, प्रत्येकाखाली वेळ आणि तपशील.

सव्वातीन तासांचा व्हिडिओ मी नऊ वेळा पाहिला. अजूनही ते गाणं लागलं की माझा उजवा हात माउस शोधतो.

समोरची बाजू, नवरीची मावशी. मागची बाजू, तीच मावशी, गिरकी घेतल्यावर. डावी, आत्या. उजवी, आत्या, दुसऱ्या कडव्याला. वरून, शूटिंगवाल्याच्या ड्रोनने. तिरका, शेजारीण, पडता पडता. जे करायला फोटोग्राफरला नऊ दिवस लागले, ते या बायकांनी अर्ध्या तासात करून ठेवलं होतं. रेघांसकट.

खालची बाजू मात्र सापडेना. डोक्यावरच्या टबाचा तळ कोण दाखवणार? खालची बाजू नसली तरी चालेल का, मी मॅडमना विचारलं. "समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल," त्या म्हणाल्या.

सापडली ती नवव्या खेपेला, अगदी शेवटी. मांडवातली वीज गेली होती, गाणं बंद पडलं होतं, कॅमेऱ्याचा दिवा तेवढा चालू. नाच थांबू नये म्हणून एका पाहुण्याने टब मांडीवर उलटा घेतला आणि ढोलकीसारखा वाजवायला सुरुवात केली. मस्त ताल. तळ स्वच्छ दिसत होता, कडेला वळलेल्या रेघाही. जांभळा शर्ट, मनगटात जाडजूड चांदीचं कडं, चेहऱ्यावर आनंद. मी जनीबाईंना फोन करून वर्णन सांगितलं आणि विचारलं, हा कोण?

"मना काय म्हाईत? हल्दीन आरधा गाव न सगला बाजार आलेला. वलकीचा असल कोनाच्या तरी."

सातव्या पानाखाली मी लिहिलं: तळाची बाजू. टब वाजवणारा अनोळखी इसम.

*

झाकणवाल्याची नोंद रद्द करा, असा अर्ज मॅडमनी केला होता; त्याची सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. आमच्या ऑफिसात एका पडद्यासमोर आम्ही चौघं, मॅडम, इक्बालभाई, मी आणि साक्षीला दिघीहून आलेल्या जनीबाई. विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं मी त्यांना तीनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "भाव, मी लिलावान रोज बोलतंय, मना गप ऱ्हवाला कोन शिकवतं?" पण मग खरोखर गप्प बसल्या.

डिझाइन ऑफिसचे अधिकारी शांत माणूस. सुनावणी इंग्रजीत सुरू झाली, मध्येच हिंदीत आली आणि अधिकाऱ्यांना मराठी चांगलं येतं हे कळल्यावर मराठीत उतरली.

समोरचा वकील तयारीचा होता. "हे डिझाइन माझ्या अशिलांनी स्वतः, आपल्या ऑफिसात बसून काढलं आहे. अर्जाआधी असा टब त्यांनी कुठेही पाहिलेला नाही. दिघीच्या बाजूला तर त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. व्हिडिओत जे काही आहे ते अस्पष्ट आहे."

"अशील हजर आहेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "त्यांनी स्वतः सांगावं."

पडद्यावर एक नवी चौकट उघडली. झाकणवाला आम्हाला पहिल्यांदाच दिसत होता. पांढरा शर्ट, मागे देवाचा फोटो. तोंडावर गंभीर भाव. "जे वकिलांनी सांगितलं ते खरं आहे साहेब," तो म्हणाला आणि छातीवर हात ठेवला. बाही मागे सरकली. मनगटात चांदीचं कडं होतं. जाडजूड.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या कागद लावत होत्या.

"पानं दाखवा," अधिकारी म्हणाले.

मॅडमनी एकेक पान पडद्यावर घेतलं. मावशी. मावशीची पाठ. आत्या. आत्या. अधिकारी प्रत्येक पानावर थांबत, नोंदीतलं चित्र बाजूला उघडत, रेघा मोजत आणि काही न बोलता पुढे म्हणत. ड्रोन. शेजारीण.

"हे सगळं अस्पष्ट आहे," समोरचा वकील म्हणाला. "आणि तळ तर कुठेच नाही."

"सातवं पान," मॅडम म्हणाल्या.

सातवं पान आलं. तळ, रेघा, दोन्ही कान. जांभळा शर्ट. आनंदी चेहरा. त्याच्या शेजारच्या चौकटीत पांढरा शर्ट आणि तोच चेहरा, आनंद वजा करून.

पांढऱ्या शर्टाने हळूच हात टेबलाखाली घेतला.

माझ्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जनीबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, पदर सावरला आणि त्या चौकटीत बोट ठेवून म्हणाल्या, "यो? याला तं मी सोता जेवाला बसवलेला. सुरमयचे तुकरे दोनदा मागून घेतले यानी."

"बाई, तुम्ही बसा," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आधी पान पाहिलं, मग चौकट, मग पुन्हा पान.

"वकील मॅडम," ते म्हणाले, "सातव्या पानाखाली तुमच्याकडून 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलंय. तेवढी दुरुस्ती करून द्या."